पाण्याच्या वर चार बोटं

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी माझ्या सासऱ्यांचं दहा गुंठे पाणकणीस मारलं. पाण्यात बुडवून मारलं. पाण्यात उगवणारं, जन्मभर गुडघाभर पाण्यात उभं राहणारं झाड पाण्यात बुडून मरू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. मासा बुडवून मारावा तसला हा पराक्रम. तो मी तीन दिवसांची रजा टाकून, अंगठा कापून घेऊन, अगदी मन लावून केला होता. आणि तो पाहून सासरे म्हणाले होते, "लय सफाईदार कापलंय, पाव्हणं."

नानांचं हे असं होतं. जावयाला त्याची चूक दाखवायची नाही, हा त्यांचा नेम. बाकी कुणाची गय नव्हती. मुलाला, म्हणजे माझ्या मेहुण्याला, बाळूला, ते दिवसातून दहा वेळा 'गाढवा' म्हणत. विहिरीवरच्या मोटारीला शिव्या देत, कोंबड्यांना त्यांच्या आईवरून बोलत, आणि एकदा तर थांब्यावर न थांबलेल्या एसटीमागे शंभर पावलं धावत जाऊन त्यांनी कंडक्टरचं सगळं घराणं उद्धरलं होतं. मी मात्र त्यांच्या अंगणात उलटा चाललो असतो, तरी "वा, पाव्हणं, असं बी चालता येतं व्हय?" एवढंच म्हणाले असते. एकदा मी बैलाच्या पुढ्यात पेंडीऐवजी पेरायचं बियाणं नेऊन ठेवलं. नाना बघत होते. म्हणाले, "त्याचं बी तोंड गोड झालं." मग मला चहाला आत पाठवलं आणि टोपली उचलायला स्वतः धावले. हे धावणं मला खिडकीतून दिसलं.

नानांची जमीन विंचूरच्या अलीकडे, कालव्याच्या खालच्या अंगाला. वरच्या तुकड्यात कांदा, बांधापलीकडे विहीर, आणि या दोहोंच्या मधोमध वीस गुंठ्यांचा एक खोलगट पट्टा. कालव्याचा पाझर त्यात येऊन साचायचा, म्हणून तो बारमाही चिबड. आजूबाजूच्या लोकांनी आपापल्या चिबड जमिनीत खोल चर काढून पाणी वाहतं केलं आणि द्राक्षं उभी केली. नानांनी तिथं आपोआप उगवलेलं पाणकणीस राहू दिलं. पुरुषभर उंच, तलवारीसारखी पाती, मधून वर आलेल्या दांड्यांवर काळपट तांबडी, गुळगुळीत कणसं. लांबून बघावं तर कुणीतरी शेकडो सीखकबाब लावून ठेवल्यासारखं दिसे. (ही उपमा मी सासुरवाडीत एकदा उच्चारली. सासूबाई माळकरी आहेत. पुढे काही बोलत नाही.) गावानं त्यांना नाव ठेवलं होतं चिबडनाना, आणि ते त्या नावाला ओ देत.

बाळूला त्या पट्ट्यात द्राक्षं हवी होती. आमच्या लग्नाच्या मांडवातसुद्धा त्यानं हा विषय काढला, तेव्हा चार पाहुण्यांसमोर नाना म्हणाले, "गाढवा, ते जितं हाय तवर त्याला हात लावायचा नाय. ज्या दिशी ते मरंल त्या दिशी तू चर काढ. मी आडवा आलो तर नावाचा नाय." सगळे हसले. पाणकणीस कधी मरतं का? कापा, जाळा, म्हशी सोडा, पावसाळ्यात ते पुन्हा हजर. बाळूसुद्धा हसला. मीही हसलो. मरण कुठून येणार आहे याचा अंदाज त्या मांडवात कुणालाच नव्हता, आणि मी तर मुंडावळ्या बांधून बसलो होतो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. लोकांनी केलेल्या कामातला पाव मिलिमीटर शोधायचा आणि ते नापास करायचं, हा माझा चरितार्थ. तेव्हा आम्ही पंचवटीत भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पहिल्याच हिवाळ्यात सासुरवाडीहून निघताना मी त्या तांबड्या कणसांचा एक जुडगा मागून घेतला. शहरात असं कुणाकडे नसतं, फुलदाणीत ठेवू. नानांनी बोटानं एकेक कणीस दाबून पाहिलं, जरा विचार केला, आणि म्हणाले, "न्या की. शोभा वाढंल घराची."

शोभा महिनाभर वाढली. मग माघातल्या एका कोरड्या दुपारी, घरात कुणी नसताना, ती फुटली. पाणकणसाच्या एका कणसात किती म्हातारीचे केस असतात याची ज्यांना कल्पना नाही त्यांना सांगतो: बोटभर लांबीच्या कणसातून एक पोतं निघतं, आणि माझ्या फुलदाणीत सात होती. आम्ही दार उघडलं तर खोलीत बर्फ पडलेला. शैला, म्हणजे माझी बायको, दारातच थांबली. मी शहाणपणा करून पंखा लावला. त्यानंतर ते समोरच्या काकूंच्या गच्चीवरच्या पापडांवर गेलं, जिन्यातून खालच्या पूजा सांगणाऱ्या गुरुजींच्या घरात गेलं, वाळत घातलेल्या सोवळ्यावर बसलं. काकूंनी वरून विचारलं, "घरात मेंढी कापली का हो?"

फोनवर मी नानांना हे सांगितलं. आता वाटतं, ते तोंडावर उपरणं धरून बसले असणार. मग म्हणाले, "पिकल्यावर फुटायचंच ना ते. वारा लागला की गावभर बी नेतं. बरं झालं, पंचवटीत बी आपलं पीक आलं." चार दिवसांनी गावाकडच्या माणसाबरोबर त्यांनी एक वीतभर लांबीचा, तीन बाजूंनी शिवलेला रिकामा अभ्रा पाठवला. निरोप होता, "उडालंच हाय तर भरून ठिवा. कामाला येईल." मी आणि शैलानं आठ दिवस कपाटाखालून, माळ्यावरून, पंख्याच्या पात्यावरून तो कापूस गोळा केला. पुढे आमची सई झाली तेव्हा तिच्या डोक्याखाली तीच उशी होती. त्या उशीत थोडी पंचवटीची धूळही असणार, पण पोरीच्या डोक्याला आकार छान आला.

त्या झाडातलं टाकून द्यायचं असं नानांना काही माहीतच नव्हतं. पात्यांच्या चटया. जाड पात्यांच्या ताट्या, त्या कांद्याच्या चाळीला बाहेरून लावायच्या, म्हणजे पावसाचे फटकारे आत येत नाहीत आणि वाराही अडत नाही. वाळलेलं कणीस पेटवून गोठ्यात खोचायचं, धुरानं डास जातात. भाद्रपदात कणसाच्या शेंड्यावर पिवळी धूळ धरते, ती नाना पहाटे वारा सुटायच्या आत फडक्यात झटकून आणत आणि बाजरीच्या पिठात मिसळायला लावत. पहिल्यांदा ती भाकरी खाताना मी "पिठात हळद छान लागते" असं म्हणालो. नाना म्हणाले, "लागते खरी." सासूबाईंनी तोंड फिरवलं. कोवळ्या कोंबाचा पांढरा गाभा ते उभ्या उभ्या सोलून हातावर ठेवत. काकडीसारखा लागतो. पण तो जास्त काढायचा नाही, कारण त्यावर पहिला हक्क जांभळ्या पाणकोंबडीचा. ती लाल चोचीची बया एका पायात कोंब धरून, वकिलानं कागद धरावा तशी, निवांत खात बसायची. बाळू तिला हाकलायला धोंडा उचले तेव्हा नाना ओरडत, "राहू दे, गाढवा! ती वरच्या वर कुरतडती म्हणून दाटी होत नाय. फुकटची मजूर हाय." सुगरणी त्याच पात्यांच्या बारीक चिरफळ्या काढून काठच्या बाभळीवर घरटी विणत. त्यांच्याकडे बोट दाखवून नाना म्हणत, "चटई आपण शिकलो ती हिच्याकडून. पण हिच्यासारखी येत नाय."

आता पराक्रमाकडे येतो.

पाणकणसाची कापणी तुळशीचं लग्न झालं की. त्या वर्षी नेमकं नाना आणि सासूबाईंना सटाण्याकडे नात्यातल्या लग्नाला तीन दिवस जावं लागलं. शैलाला दिवस गेले होते, ती माहेरी होती. मी ठरवलं, नाना यायच्या आत कापणी करून टाकायची. जावई नुसता जेवायला येत नाही, हे दाखवायचं. बाळूनं विळ्यांना धार लावून दिली आणि स्वतः बांधावर बसला. मी गुडघाभर गार पाण्यात उतरलो आणि मागच्या वर्षीच्या कापणीचे उरलेले बुडखे पाहून मला किळस आली. पाण्याच्या वर चार बोटं उंचीचे, वाकडेतिकडे, दाढीचे खुंट राहावेत तसे. ही काय कापणी? मी विळा पाण्याखाली घातला आणि थेट तळाशी, एका पातळीत कापत गेलो. मागे वळून बघावं तर आरशासारखं सपाट पाणी. एक खुंट दिसत नव्हता.

बाळू बांधावरून म्हणाला, "लय भारी, दाजी. थांबू नका."

मी थांबलो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाना आले तेव्हा अर्धा पट्टा साफ होता. बांधावर उभं राहून त्यांनी पाण्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग ते वाक्य म्हणाले, सफाईदारचं. मग माझा अंगठा पाहिला. उरलेल्या अर्ध्या भागातलं एक पिकलेलं कणीस तोडलं, त्याचा कापूस चिमटीनं माझ्या जखमेत दाबला आणि वर चिंधी बांधली. रक्त थांबलं. नाना म्हणाले, "झाडाच्या मनात काय नसतं, पाव्हणं." हे मला फार खोल वाटलं. त्या आठवड्यात कारखान्यात मी ते दोघांना ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळा घेऊन निघालो तर नाना दारात आडवे. "आज नाय. आज अवस. जावयानं अवसंला पाण्यात पाय घालायचा नसतो." मी म्हटलं, अर्धं तर राहिलंय. "राहू द्या. आमच्याकडं फार कडक असतं ते." मी मोठ्या नाइलाजानं नाशिकला परतलो. पंचवटीत उतरलो तर खालचे गुरुजी कुणाला तरी सांगत होते की आज अष्टमी. मला वाटलं, गुरुजींचं वय झालं.

पाणकणसाचं खोड म्हणजे पाण्याखालच्या मुळाची नाकपुडी. आत सगळं पोकळ, स्पंजासारखं असतं. पाण्यावर राहिलेल्या त्या घाणेरड्या चार बोटांतून हवा आत जाते आणि चिखलातल्या मुळापर्यंत पोचते. वाळलेला खुंटसुद्धा हे काम करतो. तो पाण्याखाली गेला की नाक दाबल्यासारखं होतं. हे मला नानांनी सांगितलं नाही. शैलानं सांगितलं, आणि तेही संक्रांतीनंतर, जेव्हा त्या अर्ध्या पट्ट्यात एकही कोंब आला नव्हता. मी निघालो त्याच दिवशी नानांनी बांध फोडून पाणी उतरवायचा प्रयत्न केला होता. पण कालव्याला आवर्तन सुटलेलं, एक वीत उतरवलं तर दीड वीत चढायचं. "आठ दिवस ते फावडं घेऊन तिथंच होते," शैला म्हणाली. मी विचारलं, मग मला बोलले का नाहीत? ती म्हणाली, "तुम्ही जावई आहात ना."

होळीपर्यंत चिखलातली मुळं कुजली. पाण्यावर हिरवा तवंग आला. मेलेल्या भागातले बेडूक गेले, डास आले. पाणकोंबडी उरलेल्या अर्ध्यात दाटीवाटीनं राहू लागली आणि दिवसभर भांडू लागली. आणि बाळू एक जेसीबीवाला घेऊन आला. त्यात त्याचं काही चुकलं नाही. शब्द नानांनीच दिला होता, तोही माझ्या लग्नात. मी तेव्हा अंगणात होतो. नाना खाटेवर बसले होते. जेसीबीवाला पावलांनी चर मोजत होता आणि नाना त्याच्या पावलांकडे बघत होते. त्या माणसाला मी एरवी कधी गप्प पाहिलं नव्हतं. कोंबडी पायात आली तरी काही बोलले नाहीत. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मात्र वाटलं की त्यांनी एकदा तरी मला 'गाढवा' म्हणावं. त्यांच्या सगळ्या गाढवांत मी एकटाच बाहेरचा होतो.

शेवटी नाना बाळूला म्हणाले, "अर्धं मेलंय. अर्धं जितं हाय. एक पावसाळा थांब. नाय आलं तर सगळंच खोद." बाळू म्हणाला, "एकच हां, नाना."

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट झाली. विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. वरच्या तुकड्यातलं, गोठ्यातलं, गावाच्या ओढ्यातलं, सगळं पाणी उतारानं आधी त्या चिबडात येई, पाणकणसाच्या मुळांतून गाळलं जाई आणि मग विहिरीच्या अंगाला झिरपे. आता मेलेल्या बाजूनं ते तसंच येऊ लागलं. एकदा बाळूनं मोटार चालू करून ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. नानांनी ओंजळ भरली, प्यायले, आणि सावकाश गिळलं. मुलाकडे बघत. त्यांच्या शिव्यांपेक्षा हे बाळूला जास्त लागलं असावं.

ज्येष्ठात, वळीव पडून गेल्यावर, पण पाणी चढायच्या आत, लावणी करायची ठरली. मी रजा घेऊन गेलो. जिवंत भागातून मुळांचे गड्डे उपटायचे, पांढरा कोंब असलेला तुकडा ठेवायचा, आणि मेलेल्या भागात चिखलात दाबायचा. नाना पासष्टीचे होते आणि चिखलात बगळ्यासारखे चालत. मी पहिल्याच पावलाला मांडीपर्यंत रुतलो, दुसरा पाय काढताना चप्पल गेली, आणि तिसऱ्या पावलाला मी गड्ड्यांच्या पाटीसह आडवा झालो. नाना म्हणाले, "बरं झालं. तेवढी जागा सपाट झाली." दुपारी पाठीमागे चुबुक चुबुक आवाज आला. बाळू. पँट वर करून तो माझ्या शेजारी गड्डे दाबायला लागला. थोड्या वेळानं म्हणाला, "दाजी, कोंब वर करून लावतात. तुम्ही उलटे लावलेत." मी मागे पाहिलं. दोन ओळी. नाना लांबून ओरडले, "गप, गाढवा! उलटे लावलेले बी येतात कधी कधी."

ते आले नाहीत. बाकीचे आले.

मधे एक मोठा तुकडा नानांनी मोकळाच ठेवायला लावला. मी म्हटलं, इथंही लावू की, भरपाई होईल. ते म्हणाले, "सगळीकडं हेच झालं तर पाण्याचा जीव गुदमरतो. बदकं उतरायची कुठं? अन् कापलं नाय तर माजतं हे. पोरासारखं हाय बघा. केस दर वर्साला कापावेत." मग जरा थांबले आणि म्हणाले, "मान सोडून." सोळा वर्षांत त्या तीन दिवसांबद्दल ते माझ्याशी जे काही बोलले ते एवढंच.

पहिल्या पावसाळ्यात विरळ आलं, दुसऱ्यात दाट. विहिरीचा वास गेला. बाळूनं द्राक्षं वरच्या तुकड्यात लावली आणि चराचं नाव पुन्हा काढलं नाही, उलट आता कुणी पाहुणा आला की तोच त्याला बांधावर नेऊन नाकपुडीचं सगळं समजावून सांगतो, आणि शेवटी मान माझ्याकडे वळवून म्हणतो, "हा शोध आमच्या दाजींनी लावला."

दाट आलेल्या त्या वर्षी नानांनी मला चटई विणायला शिकवली. पाती आधी सावलीत वाळवायची, विणायच्या आदल्या दिवशी पाणी शिंपडून गोणपाटात गुंडाळायची, म्हणजे ती मोडत नाहीत. जमिनीत चार खुंट्या, त्यांवर ताणलेली सुतळी, आणि एक पातं शेंड्याकडून तर पुढचं बुडख्याकडून. मी दोन शनिवार-रविवार बसलो. पाठीचा कणा गेला. शेवटच्या रविवारी नाना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं. कड मी बांधून पाठवतो. कड जरा नाजूक काम असतं." पुढच्या आठवड्यात चटई पंचवटीत आली. मी स्वतःच्या कामाला भुलणारा माणूस नाही, पेशाच तसला. मी कारखान्यातली स्टीलची पट्टी काढली आणि चारी बाजू मोजल्या. कर्ण मोजले. एका पात्याची वीण चुकलेली नव्हती. फोन करून सांगितलं, "नाना, कड बांधल्यावर केवढी सुबक दिसते हो!"

"तुमची नजरच तशी हाय," नाना म्हणाले.

ती चटई आजही आमच्या घरात आहे. सई तिच्यावर बसून अभ्यास करते. पाहुणे आले की मी "बसा ना, खाली बसा" असं आग्रहानं म्हणतो, म्हणजे विषय निघतो. मग मी सांगतो, पाणकणीस, चार बोटं, सुगरण, आणि शेवटी, सहज सांगावं तसं, "माझ्या हातची आहे." शैला त्या वेळी नेहमी स्वयंपाकघरात चहा टाकायला जाते. मला वाटायचं, कौतुक तोंडावर ऐकायला लाजते.

त्याच्या पुढच्या वर्षीचं आणखी एक आठवतं. श्रावणात आम्ही सगळे गेलो होतो. कोंबड्यांच्या खुराड्यावर एक चटई अंथरलेली होती. चटई म्हणायची ती सवयीनं. एक बाजू दुसरीपेक्षा हातभर लांब, मधे पोट सुटलेलं, पाती उलटसुलट. मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, "नाना, हे कुणाचं काम? आमच्याकडे असला माल गेटाच्या आत येत नाही."

नानांनी तपकीर ओढली. "हाय एक कारागीर. लय मोठा माणूस."

"त्याला सांगा, हात लावू नकोस म्हणावं."

"कसं सांगायचं?" नाना म्हणाले. "कोंबड्यांना चालतं. त्या कुणाला नापास करत नाय."

मी मनात म्हटलं, बिचाऱ्या बाळूला उगाच किती सांभाळून घेतात.

गेल्या वर्षी आश्विनात नाना गेले. फार आजारी नव्हते, दम लागायचा. शेवटच्या भेटीत खाट त्यांनी ओसरीवर आणायला लावली होती, तिथून पट्टा दिसायचा. कणसं तांबडी व्हायला लागली होती. मला म्हणाले, "औंदा कापायला तुम्ही या." मी म्हटलं, येतो. त्यांनी उजवा हात पांघरुणाबाहेर काढला आणि चार बोटं दाखवली. मीही चार बोटं दाखवली. कुणी लांबून पाहिलं असतं तर वाटलं असतं, दोघं चौकार मारल्याची खूण करताहेत. मी म्हटलं, "नाना, त्या वेळी मी तुमचं..." ते म्हणाले, "चहा घ्या, पाव्हणं. गार होतोय." माझ्या हातातला कप रिकामा होता.

तुळशीचं लग्न झाल्यावर मी गेलो. बाळूनं दोन विळे काढले, एक माझ्या हातात दिला, मग परत घेतला, मग पुन्हा दिला. मी पाण्यात उतरलो. प्रत्येक झुडपाला आधी डावा पंजा आडवा लावायचा, चार बोटं मोजायची, आणि मगच विळा. कासवाच्या गतीनं काम चाललं होतं. मागे वळून बघावं तर पाण्यावर वाकडेतिकडे, दाढीच्या खुंटांसारखे बुडखे. फार सुंदर दिसत होते. एकदा जांभळी पाणकोंबडी अगदी जवळून गेली, माझ्याकडे बघत, आणि मला तिच्या नजरेत ओळख वाटली. चांगली ओळख नव्हती ती.

दुपारी ओसरीवर सासूबाई मागच्या वर्षीची ताटी उसवत बसल्या होत्या. त्या मोजकं बोलतात. नाना असताना त्यांना बोलायची पाळीच येत नसे. मी शेजारी बसलो. चिखल वाळून पोटऱ्या ओढत होत्या. पट्ट्याकडे बघताना मला भरून आलं, आणि भरून आलं की मी बोलतो.

"आई, एवढं सगळं केलं मी. झाड मारलं, बियाणं बैलाला घातलं, गड्डे उलटे लावले. सोळा वर्षांत नाना मला एक शब्द बोलले नाहीत. बाळूला कसे हक्कानं बोलायचे. मला वाटायचं, मी शेवटपर्यंत पाहुणाच राहिलो."

सासूबाईंनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"तुमाला नाय बोलले," त्या म्हणाल्या. "तुमची एसटी फाट्यावरून वळायची अन् इथं सुरू व्हायचं. गाढव म्हणायचे, येडं म्हणायचे, कागदी घोडं म्हणायचे. बाळ्याला दिल्या नसतील तेवढ्या शिव्या तुमाला दिल्यात. पोरीला लाडानं बी म्हणायचे, 'तुझं ते गाढव कवा येणार?'"

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. एखाद्याला त्याच्या मागे काढलेली प्रमाणपत्रं एकदम हातात मिळावीत तसं काहीतरी. मी डोळे पुसले. चिखलाचा हात होता, तो सगळा चेहऱ्यावर गेला. म्हटलं, "तरी आई, चटई विणायला शिकवली ना त्यांनी. ती एक गोष्ट मला जमली. आमच्या घरी आहे बघा, एक पातं इकडचं तिकडं नाही."

आतून शैला घाईघाईनं म्हणाली, "आई, चहा ठेवलाय गं!"

पण सासूबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी माझ्याकडे, माझ्या चिखलानं भरलेल्या तोंडाकडे, पूर्ण सहानुभूतीनं पाहिलं.

"ती त्यांनी विणली हो. चार दिवस बसले हुते, दाराला कडी लावून. तुमची खुराड्यावर हाय. अन् ती गळती."